तिकीट आपलं, वर्गणी त्यांची

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. भिशीला जाताना मी सोबत एक दोनशे पानी वही नेली होती. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘मेळघाटच्या मुलांसाठी’. पावसाळ्यात आम्ही घरातले चौघं, म्हणजे मी, आमचे हे, कॉलेजात जाणारी लेक आणि नववीतला धाकटा, दहा दिवस धारणी तालुक्यातल्या एका गावात राहून तिथल्या संस्थेला मदत करणार होतो. त्यासाठी चाळीस हजार जमवायचं ठरवलं होतं. मैत्रिणींनी कौतुक केलं. “अख्खं कुटुंब चाललंय, वा!” कुणी पाचशे लिहिले, कुणी हजार. आठ-दहा दिवसांत अकरा हजारांवर आकडा गेला. मी खुशीत होते.

एके दिवशी सकाळी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढून ओट्यावर ठेवली. “ताई, हे माह्याकडून.” मला भरून आलं. मी वही उघडली, तेवढ्यात त्यांनी सहजच विचारलं, “तुम्ही समदे घरचे जाऊन राह्यले ना? मंग तुमच्या गाडीचं भाडंबी याच्यातूनच काय?”

मी म्हटलं, “हो, म्हणजे... जाण्यायेण्याचा खर्च, तिथलं जेवण, रेनकोट, सगळं त्यातच.”

“मंग पोराईले किती भेटन?”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. महिन्याचे पैसे पै-पै मोजून खर्च करणाऱ्या बाईला पडावा असा तो साधा प्रश्न होता. पण मला उत्तर देता येईना. कारण तोवर मी ते वेगळं काढलंच नव्हतं! मावशी गेल्यावर कागद घेऊन बसले. एसटी आणि पुढची जीप, राहण्या-जेवण्याचे संस्थेला द्यायचे पैसे, गमबूट, रेनकोट, बॅटऱ्या असं सगळं धरून आमचा चौघांचा खर्च सोळा हजार निघाला. मुलांसाठी उरत होते चोवीस हजार. म्हणजे मावशींच्या पन्नासातले वीस रुपये माझ्या कुटुंबाच्या प्रवासाला जाणार होते. आणि वहीवर मात्र ‘मेळघाटच्या मुलांसाठी’!

खोटेपणा करायचा नव्हता हो मला. पण न सांगता झालेली सरमिसळ घेणाऱ्याला सोयीची असते आणि देणाऱ्याला कळत नाही. आज तुमच्याशी बोलायचंय ते याचसाठी. कारण आता खूप कुटुंबं अशी जायला लागली आहेत. कुणी आनंदवनाला जातं, कुणी हेमलकशाला, कुणी ऊसतोड कामगारांच्या मुलांना दिवाळीत फराळ घेऊन. चांगलंच आहे. मुलांना मॉलऐवजी हे दाखवावंसं वाटणाऱ्या आया वाढताहेत याचा मला आनंदच आहे. पण त्यासाठी गावात वही फिरवताना आपण नेमकं काय मागतो आहोत, हे आधी आपलं आपल्याला स्पष्ट असायला हवं.

वऱ्हाडातल्या माणसांना मेळघाट नवा नाही. चिखलदऱ्याला कोण गेलेलं नसतं? लग्नानंतर गेलो, मुलं लहान असताना गेलो, पाहुणे आले की गेलो. भीमकुंड, देवी पॉइंट, धुक्यात गरम भजी. पण चिखलदरा आणि धारणी हे अमरावती जिल्ह्यातले दोन तालुके म्हणजेच मेळघाट. १९९३ साली ज्या भागातल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला, तो हाच. घाटातून वर जाताना रस्त्याकडेला उभी राहून आपल्या गाडीकडे पाहणारी कोरकू मुलं याच गावांतली. मी पाच वेळा तिथून गेले होते आणि पाचही वेळा माझं लक्ष दरीकडे होतं.

तिथली मुलं पावसाळ्यात जास्त का आजारी पडतात, हे आपल्यासारख्या घर चालवणारीला लगेच समजेल. जुलै ते सप्टेंबर म्हणजे घरातलं धान्य संपत आलेलं आणि नवं पीक अजून शेतात उभं. आई सकाळीच निंदणाला जाते, तान्हं मूल मोठ्या भावंडाच्या कडेवर. ते भावंड कधी कधी सहा-सात वर्षांचंच असतं. पाणी गढूळ. जुलाब, ताप, न्यूमोनिया. आणि सिपना, खापरा या नद्या-नाल्यांना पूर आला की दवाखान्याचा रस्ता बंद. एक जुलाबाचं दुखणं पंधरा दिवसांत मुलाची पार रया घालवतं. म्हणून तिथे काम करणाऱ्या संस्थांना पावसाळ्यातच माणसं हवी असतात. पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेचे स्वयंसेवक १९९७ पासून पावसाळ्यात तुकड्या-तुकड्यांनी तिथे जाऊन राहिले आहेत. आपल्याला मात्र सेवा करायची असते ती दिवाळीच्या नाही तर मे महिन्याच्या सुट्टीत! शाळा बुडायला नको, चिखल नको.

असो. मावशींच्या प्रश्नानंतर घरात बैठक बसली. आमचे हे हिशेबी माणूस. ते म्हणाले, “मग आपण जायचंच कशाला? हे सोळा हजारही आपल्याच खिशातून सरळ संस्थेला पाठवू. आपण काय डॉक्टर आहोत का?” लेक चिडली. पण मला त्यांचं म्हणणं खोडता येईना. शेवटी ज्या कार्यकर्त्याशी बोलणं झालं होतं, त्यालाच फोन केला आणि सरळ विचारलं, “आम्ही आलो तर तुमचा खरंच फायदा आहे का?”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ताई, खरं सांगू? पहिले दोन-तीन दिवस आमचाच वेळ तुमच्यात जातो. नंतर हात उपयोगी पडतात, कारण पावसाळ्यात आम्ही कमी पडतो. पण दहा दिवसांनी तुम्ही जाल. गेल्यावर वर्षभर काय करणार, ते ठरवून या. नाही तर पैसेच पाठवा, तेही चालतील.”

इतकं स्पष्ट बोलणारा माणूस भेटला म्हणून आमचं निभावलं. आम्ही जायचं ठरवलं, पण तीन गोष्टी नक्की करून. आमचा खर्च आमचा. वर्गणीतला प्रत्येक रुपया तिकडच्या कामाला. आणि एक वर्ष संबंध तोडायचा नाही.

पुढच्या भिशीत मी उभी राहिले आणि झालेली चूक सांगितली. “ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी आत्ताच घ्या,” म्हटलं. मनात धाकधूक होती. एकीने खरंच पाचशे परत घेतले. तिचा राग येण्याचं काही कारण नव्हतं. एक मात्र म्हणाली, “अगं, आम्हाला माहीतच होतं. तुम्ही जाताय म्हटल्यावर गाडीभाडं आलंच की!” पण माहीत असणं वेगळं आणि सांगितलेलं असणं वेगळं. सत्यनारायणाच्या पूजेला चहासाखरेचाही हिशेब लिहिणाऱ्या आपण, इथेच कशा विसरतो?

आमच्या खर्चासाठी मग पदर खोचला. उन्हाळा होताच. मी आणि लेकीने कुरडया, पापड, मुंगवड्या, सरगुंडे केले. धाकटा गच्चीवर राखणीला आणि घरोघर पोचवायला. खर्च जाता ७,९०० रुपये सुटले. गमबूट आणि रेनकोट ओळखीतून उसने मिळाले. २०२३ पासून आम्हा बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय, त्याचाही उपयोग झाला. सोळा हजारांचा खर्च १३,४०० वर आला. वरचे साडेपाच हजार यांनी दिवाळीच्या खरेदीतून काढले. त्या दिवाळीत कुणाला नवे कपडे झाले नाहीत, आणि कुणाचं काही अडलंही नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, नाही तर माझ्या म्हणण्याचा उलटा अर्थ निघायचा. आपलं भाडं दुसऱ्याकडून घेणं हे पाप नव्हे. आमच्या गल्लीतल्या एका मुलीला आमच्याबरोबर यायचं होतं. डी.एड. झालेली, मुलांना शिकवायची हातोटी असलेली. घरी वडील आजारी, तिला गाडीभाड्याचे पैसे कुठले? भिशीतल्या बायकांनी वेगळी वर्गणी काढून तिचा खर्च केला. वहीत वेगळं पान, वर लिहिलं, ‘हिच्या प्रवासासाठी’. दहा दिवसांत सगळ्यांत जास्त काम तिनेच केलं. तेव्हा मागायला हरकत नाही, पण ज्याच्यासाठी मागतो त्याचंच नाव पानावर लिहावं. ऐपत असलेल्याने आपलं आपण भरावं, एवढंच.

ऑगस्टमध्ये आम्ही निघालो. निघण्याआधी जुन्या कपड्यांचा प्रश्न आला. मेळघाट म्हटल्यावर आपल्याकडे माणसं गाठोडी घेऊन हजर! आमच्या ओसरीवर सात गाठोडी जमली. उघडून पाहिलं तर टिकल्यांच्या साड्या, बटणं तुटलेले शर्ट, एक शेरवानी. शेरवानी घालून भाताची लावणी कोण करणार? संस्थेला विचारलं तर त्यांची यादी छोटीशी निघाली. अंगाचे साबण, नेलकटर, पाट्या, चित्रांची पुस्तकं. बिस्किटं-चॉकलेटं आणू नका, असं बजावून सांगितलं होतं. गाडी दिसली की मुलं हात पसरून धावतात, ती सवय आम्हीच, म्हणजे शहरगावच्या माणसांनी लावलेली.

परतवाडा सोडलं, घाट सुरू झाला, सेमाडोह, हरिसाल मागे पडलं. या वेळी दरीकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त पाहिलं. पहिल्याच दिवशी लेकीची फजिती झाली. अंगणवाडीतल्या मुलांना हात धुवायला शिकवताना ती “पाणी, पाणी” करत होती आणि पोरं फिदीफिदी हसत होती. कोरकू ही मराठीच्या घराण्यातली भाषाच नव्हे, ती मुंडा कुळातली. एका चिमुरडीने तांब्याकडे बोट दाखवून तिला शिकवलं, “डा”. शिकवायला गेलेली माझी लेक पहिला धडा शिकून परतली. शाळेत पहिल्या दिवशी मराठी ऐकून त्या मुलांचं काय होत असेल, हे तिने रात्री मला विचारलं.

तिसऱ्या दिवशी तिथल्या आशा ताईंबरोबर घरं फिरत होते. त्यांच्याकडे दंड मोजायची कागदी पट्टी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटरच्या वर असला तर पट्टी हिरवी, साडेअकरा ते साडेबारा पिवळी, आणि साडेअकराच्या आत लाल. एका घरात चौदा महिन्यांचं बाळ होतं. पट्टी लाल दाखवत होती. अकरा सेंटिमीटर. माझ्या हातातल्या दोन बांगड्या एकदम त्या दंडावरून सरकल्या असत्या. चार दिवस जुलाब चालू होते.

मी घाईघाईने सांगायला लागले, दवाखान्यात न्या, ॲडमिट करा. बाळाची आई खाली मान घालून गप्प. मला वाटलं, अडाणी आहे, समजत नाहीये. आशा ताईंनी मला हळूच बाजूला केलं आणि त्या तिच्या सासूजवळ जाऊन बसल्या. बराच वेळ कोरकूत बोलणं चाललं. मग मला कळलं ते असं. घरात आणखी दोन पोरं आहेत, एक तीन वर्षांचं, एक पाचचं. नवरा कामाला बाहेर गेलेला. दवाखान्यात पंधरा दिवस राहायचं तर निंदणाची मजुरी बुडणार. बुडीत मजुरी सरकारकडून मिळते, पण ती नंतर. आज संध्याकाळी चूल कशी पेटणार? आणि जीपला भाडं कुठलं? अडाणी ती नव्हती. तिच्या घरचा हिशेब मला माहीत नव्हता, म्हणून मीच अडाणी ठरले होते.

त्या दिवशी आमची वर्गणी पहिल्यांदा कामाला आली. जीपचं भाडं वर्गणीतून दिलं. सासूबाई निंदणाला जाणार, पोरांना कोण पाहणार? तर आम्ही. पुढचे सात दिवस ती दोन पोरं माझ्या आणि धाकट्याच्या ताब्यात होती. खिचडी खाऊ घालायची, नाक पुसायचं, दुपारी झोपवायचं. माझा नववीतला मुलगा, जो घरी ताटसुद्धा उचलत नाही, तीन वर्षांच्या पोराला पाठुंगळी घेऊन चिखलातून अंगणवाडीत न्यायचा. मोठी समाजसेवा करायला आलेल्या आमच्या कुटुंबाने काय केलं म्हणाल, तर दोन पोरं सांभाळली. पण तेवढ्याने त्या बाईला बाळाजवळ राहता आलं. निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा बाळाने माझं बोट घट्ट धरलं. पकड बरी वाटली. पुढे सप्टेंबरमध्ये आशा ताईंचा फोन आला, “पट्टी पिवळी झाली.” हिरवी नव्हे, पिवळी. तरी मी ओट्यापाशी उभी राहून रडले.

हे बाळ मी वाचवलं, असं मला चुकूनही म्हणायचं नाही. ते आशा ताईंनी वाचवलं. कुणाजवळ बसायचं, कुणाची समजूत आधी काढायची, हे त्यांना ठाऊक होतं. मी त्या घरी आणखी दहा वेळा गेले असते तरी मला ते साधलं नसतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने हेच करून दाखवलं. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. आणि मेळघाटातच बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आपलं घर केलं, तिथेच राहून लोकांवर उपचार केले. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांनी आयुष्यं दिली त्यांच्यापुढे आपले दहा दिवस ते काय? पण दहा दिवस जाऊन आल्यावर पैसे नेमके कुठे द्यावेत, हे मात्र कळतं. जाण्याचा खरा उपयोग मला तरी हाच वाटला.

म्हणून सांगते, मैत्रिणींनो, तुमच्या घरी असा बेत शिजत असेल तर जरूर जा. पण जाण्याआधी फोन करून विचारा, त्यांना केव्हा आणि काय हवंय. आपल्या सोयीची सुट्टी बाजूला ठेवा. पैसे शक्यतो चेकने, संस्थेच्या नावे घ्या आणि पावतीही संस्थेचीच द्या. स्वतःच्या खात्यात दुसऱ्यांचे पैसे जमवू नका. गणपतीच्या मंडळालासुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, मग आपण कोण? तिथे औषधाची गोळी स्वतःच्या मनाने कुणाला देऊ नका. आणि मोबाईल पिशवीतच राहू द्या. आपल्या बाळाचा उघडा, शेंबडा, आजारी फोटो कुणी अनोळखी बाईने गावभर फिरवला तर आपल्याला चालेल का? वर्गणी देणाऱ्यांना फोटो नको असतो, हिशेब हवा असतो.

आमचा हिशेब असा झाला. एकूण वर्गणी २७,६५०. गावातल्या एका कार्यकर्तीचं सहा महिन्यांचं मानधन, महिना तीन हजारांप्रमाणे, १८,०००. आजारी मुलांसाठी जीपभाडं ४,२००. पुस्तकं, पाट्या, साबण, नेलकटर ३,४५०. शिल्लक २,०००, तीही संस्थेकडेच, पुढच्या जीपभाड्यासाठी. आमच्या चौघांचा खर्च १३,४००, तो खाली वेगळा लिहिला, आमच्या नावावर. तो कागद भिशीत वाचून दाखवला. ज्या बाईने पाचशे परत घेतले होते, तिने त्या दिवशी हजार दिले. ते यंदाच्या हिशेबात धरलेत.

घरी आल्यावर तोच कागद मावशींनाही वाचून दाखवला. त्यांना वाचता येत नाही. हात पुसून त्या समोर बसल्या, एकेक ओळ ऐकली. जीपभाड्याच्या ओळीवर मला थांबवलं. “थे लेकराच्या गाडीचं काय?” मी म्हटलं, “हो, त्या बाळाच्या जीपचं.”

“मंग माहे पन्नास त्याच्यातच धरा,” म्हणाल्या आणि उरलेली भांडी घासायला उठल्या.

यंदाच्या कुरडयांचे गहू आजच भिजत घातलेत.